मुकादमनं आवरायला घेतलं

तीर्थस्वरूप अक्का,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून माझी काही अंगं जमिनीपर्यंत पोचत नाहीत. जेवढी पोचली तेवढी पदरात घे, बाकीची मनानं टेकवली असं समज.) इकडे सगळी खुशाली. तुझ्या तब्येतीचं सविस्तर कळव. नुसतं 'बरी आहे' लिहून माझी बोळवण करू नकोस. तसं तू कायमच लिहितेस, आणि मग तुझ्या शेजारीणबाईंकडून कळतं की तू न्हाणीत घसरली होतीस. तुझा खोकला, तुझे डोळे, जिना उतरताना दुखणारी ती टाच, सगळ्यांना माझा स्वतंत्र निरोप सांग की धाकट्यानं चौकशी केलीय. सूनबाई नमस्कार सांगते. चिरंजीव पॉलिशच्या चाकावर बसलेत. त्या घरघरीत ते मान हलवून काहीतरी म्हणाले, तोही नमस्कारच असावा.

पत्राला उशीर झाला त्याचं कारण सांगतो, पण आधी एक कबूल कर. हसू आलं तर हस, पण मधेच पत्र घडी करून उशीखाली ठेवू नकोस. शेवटपर्यंत वाच. या घरात असं काही घडलंय की मी अजून त्यातून बाहेर आलेलो नाही. परवा चहात मीठ घातलं आणि पिऊनही टाकला. उभा जन्म मी कवळ्या बनवण्यात घालवला, गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांची तोंडं माझ्या हातची आहेत, आणि मला वाटत होतं की दात या विषयातलं आपल्याला कळायचं काही शिल्लक नाही. अक्का, मला काही म्हणजे काही कळत नव्हतं.

तर गेल्या महिन्यात आमच्या मुकादमला दानशूरपणाचा झटका आला. (मुकादम म्हणजे माझी नात. हे नाव तू परत गेल्यावर पडलं. कारखान्यात उंच स्टुलावर बसून 'मेण जास्त झालं', 'दिवा विझला', 'ते खाली पडलं, उचला' असा तिचा पुकारा चालतो. एकदा तिच्या बापानंच वैतागून 'हो, मुकादम' म्हटलं. तिला ती पदवी इतकी पसंत पडली की आता खऱ्या नावानं हाक मारली तर ओ देत नाही.) सुरुवात रंगपेन्सिलींपासून झाली. शेजारच्या धाकट्या पोराला अख्खा डबा देऊन आली, टोकयंत्रासकट. मग आईला बाहुली मिळाली, तीच, जिचा एकच डोळा मिटतो. बापाला तीनचाकी सायकल. आणि माझ्या वाट्याला आली उड्या मारायची दोरी. गुडघ्यांची हकीकत वर कळवलीच आहे. पण पोरीनं ती दोरी अशी गंभीरपणे माझ्या हातात ठेवली, आणि वर 'जपून वापरा' म्हणाली, की याचा मला उपयोग काय हे विचारायची माझी छाती झाली नाही. मी ती टेबलाशेजारच्या खिळ्याला टांगली. गिऱ्हाइकं विचारायची, मी म्हणायचो, व्यायाम.

घरात काय कौतुक झालं म्हणून सांगू! शाळेच्या बाईंनी सूनबाईला फाटकात गाठून सांगितलं की तुमची मुलगी अलीकडे फारच समजूतदार झालीय. वर्गात बडबड नाही, खिदळणं नाही, डबासुद्धा तोंड मिटून शांतपणे खाते. सूनबाई म्हणाली, वळण माझं. चिरंजीव म्हणाले, स्वभाव माझा. मी फक्त आपल्या वडिलांची आठवण काढली, म्हणजे श्रेय बरोबर आपल्या बाजूला आलं. अक्का, आम्ही तिघंही शुंभ. सहा वर्षांचं पोर हसायचं थांबतं, बोलताना तोंडावर हात धरतं, विचारलं तर नुसतं 'हं' म्हणतं, आणि घरातली शहाणी माणसं मानपत्र कुणाला द्यायचं यावर भांडतात.

आणि हे घडलं कुणाच्या घरात? ज्यांच्या खिडकीत दिवसभर उघडझाप करणारा जबडा ठेवलाय त्यांच्या. (त्या जबड्याची मोटर पुन्हा बिघडलीय. आता तो नुसता उघडतो आणि तसाच राहतो. रस्त्यानं जाणारे थबकतात, त्यांना वाटतं आत काहीतरी भयंकर चाललंय. चपलांच्या दुकानवाला रोज येऊन सांगतो, एक तर मिटवा नाही तर झाका. चिरंजीवांनी त्यावर फडकं टाकलं, तर तो अंगावर पांघरूण घेऊन जांभई दिल्यासारखा दिसायला लागला. असो.) सांगायचं म्हणजे दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. दिवसभर मी परक्यांच्या जबड्याचे साचे डोळ्यांशी धरतो, कुठे केसभर उंचवटा आहे ते बोटानं सांगतो. आणि माझ्या मांडीला मांडी लावून जेवणाऱ्या पोरीच्या तोंडात काय चाललंय याचा मला पत्ता नाही.

पत्ता लागला तो असा. दुपारची वेळ होती. चिरंजीव तयार काम घेऊन डॉक्टरांकडे गेले होते, सूनबाई तिच्या ऑफिसात. मी एका मोठ्या कामाला बसलो होतो, वरचे-खालचे सगळे दात मेणात रांगेनं बसवायचे होते. मुकादम आली. स्टुलावर न चढता समोर गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली, फ्रॉक गुडघ्यांवर नीट ओढला आणि म्हणाली, माप घ्या. मला वाटलं खेळ. मी म्हटलं, या बाई, वरचं की खालचं? ती म्हणाली, खालचं, एकच आहे, पण कुणाला सांगायचं नाही. आणि तिनं तोंड उघडलं. जिभेनं तिनं पुढचा खालचा दात हळूच ढकलला, आणि अक्का, तो हलला! लुकलुकला म्हण हवं तर. इतका इवलासा, पण दारातलं पायपुसणं झटकावं तसा पुढे-मागे.

मला इतका आनंद झाला की मी मोठ्यानं हसलो. झालं! तिनं तोंड मिटलं, ओठ थरथरले, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. किती समजावलं तरी थांबेना. शेवटी हुंदक्यांच्या मधून एक वाक्य बाहेर आलं: "वकीलसाहेबांना नाही हसलात तुम्ही."

खरंच होतं ते. वकीलसाहेबांना मी कधी हसत नाही. (ते आमचं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात नाराज गिऱ्हाईक. कवळी घेऊन जातात, रुसून परत आणतात. कोर्टात 'सन्माननीय' म्हणताना खालची वर उडते अशी त्यांची तक्रार आहे. मी म्हणतो, दुसरा शब्द वापरा. ते म्हणतात, तुम्ही दुसरी कवळी करा.) मी तिचे डोळे पुसले, मांडीवर घेतलं आणि विचारलं, माझे आई, दात हलला तर रडायचं काय त्यात? मग हळूहळू सगळं बाहेर आलं. एकेक धागा हातात येत गेला.

तिचा हिशेब असा होता. दात कुणाचे जातात? म्हाताऱ्यांचे. आपल्याकडे खुर्चीत कोण येतं? म्हातारी माणसं. काही दिवस येतात, मग एक दिवस येईनाशी होतात. (खरं आहे. त्यातली काही दुसऱ्या गावी मुलांकडे जातात, काही दुसऱ्या कारागिराकडे जातात, देव त्यांचं भलं करो. पण पोरीनं त्या सगळ्यांना एकाच दारानं बाहेर काढलं होतं.) म्हणजे आधी दात जातो, मग माणूस. आता आपला दात हलतोय. म्हणजे आपली पाळी आली. त्यावर उपाय काही नाही, फक्त जायच्या आधी आपल्या वस्तू ज्याच्या त्याला देऊन मोकळं व्हायचं. पेन्सिली आधी शेजारच्या थोरल्या पोराला द्यायच्या होत्या, पण त्याचे पुढचे दोन दात गेलेले तिनं पाहिले आणि विचार केला की हा तर माझ्याही आधी जाणार, याला देऊन काय उपयोग? म्हणून धाकट्याला दिल्या. मी दोरीकडे पाहिलं. गेला महिनाभर हे लेकरू एकटंच मरायची तयारी करत होतं, नीट, कुणाला त्रास न देता. आणि मी लोकांना सांगत होतो, व्यायाम!

मी विचारलं, हे वस्तू वाटायचं कुणी सांगितलं तुला? तर म्हणाली, अक्काआजीनं.

रागावू नकोस. तू तिला शिकवायला गेली नव्हतीस हे मला ठाऊक आहे. पण मागच्या खेपेला तू आली होतीस, त्याच खुर्चीत बसली होतीस, मी माप घ्यायचा चमचा हातात धरून उभा होतो आणि तू तोंडच उघडलं नाहीस. म्हणालीस, आता कशाला? दात गेले की माणसानं आवरायला घ्यावं. आणि घेतलंसही. सूनबाईला तुझी निळी शाल दिलीस, चिरंजीवांना घड्याळ, मला बाबांचा चष्मा. आम्ही मोठी माणसं 'काहीतरीच काय' म्हणत वस्तू घेतल्या आणि चहाला बसलो. ही तुझ्या मांडीवर होती. तिनं ते सगळं नीट पाहून ठेवलं. मुलं आपलं ऐकत नाहीत म्हणतात ते खोटं आहे गं, ती ऐकतात, फक्त आपण सांगतो ते नाही.

मग आम्ही तिला समजवायला लागलो. सगळ्यात आधी मी सांगितलं की हा दुधाचा दात आहे, हा पडणारच, खालून नवा येणार, मोठा, जन्मभराचा. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की काय सांगू. म्हणाली, तुम्ही सगळ्यांना असंच सांगता. 'आठवड्यात सवय होईल, आपलेच वाटतील,' असं मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो हे खरं, आणि वकीलसाहेब दर वेळी तिच्यासमोरच 'हा खोटं बोलतो' म्हणतात हेही खरं. माझी पत तिथेच बुडाली. संध्याकाळी सूनबाईनं स्वतःचं तोंड उघडून दाखवलं: बघ, माझे पण लहानपणी पडले होते, नवे आले की नाही? मुकादमनं वाकून निरखून पाहिलं आणि म्हणाली, हे आजोबांनी केलेत. छे छे, आपोआप आलेत! तर म्हणे, छान जमलेत, पण आजोबांचेच आहेत. बापानं आपले दाखवले. तेही माझेच निघाले, वर 'रंग जरा पिवळा झाला' असा शेरा मिळाला. कवळ्यांच्या कारखान्यात वाढलेल्या पोरीला जगातले सगळे दात आजोबांनी केलेले वाटतात. दुसऱ्या कुठल्या घरात ही चूक होईल? इतकी वर्षं वाटायचं, कुणीतरी आपल्या कामाचं एवढं कौतुक करावं. केलं, आणि बोलायला जागा ठेवली नाही.

चिरंजीव म्हणाले, शेजारच्या थोरल्याला आणून दाखवू, त्याचे नवे येत असतील. आणला. तर त्या बेट्याचा अजून टिपूससुद्धा नव्हता, नुसती खिंड. त्याला बघून मुकादमनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. तो बिचारा हातातला लाडू टाकून घरी पळाला.

दोन-तीन दिवस असेच गेले. पोर जेवेना. दात पडू नये म्हणून दूधसुद्धा चमच्यानं कडेकडेनं घ्यायची. मी धंद्यातला माणूस, मनात आणलं असतं तर चिमट्यानं क्षणात काढला असता, पण हात धजेना. तिच्या हिशेबानं तो दात म्हणजे शेवटची कडी होती. ती मी कशी तोडणार? खरं सांगतो, अक्का, मला भीती वाटायला लागली. दात पडल्याची नाही. तो पडल्यावर ती मनात काय धरून बसेल, त्याची.

आणि मग परवा तो पडला. कसा? शिंकेनं! मी प्लास्टरचा नवा डबा उघडला, भुकटी उडाली, शेजारी स्टुलावर ती होती (स्टूल तिनं अजून कुणाला दिलं नव्हतं, तेवढं पद शेवटपर्यंत ठेवलं होतं), आणि तिला अशी सणसणीत शिंक आली की दिवा विझला. शिंक संपली, तिनं जीभ फिरवली आणि पांढरीफटक पडली. दात नाही! समोर माझं टेबल. टेबलावर दातांचे ट्रे. नव्या कामासाठी मी सगळे ट्रे उघडून ठेवले होते, लहान, मोठे, पुढचे, मागचे, सगळीकडे दातच दात. त्यात एक दात पडला. मिठाच्या गोणीत साखरेचा कण.

त्याच वेळी वकीलसाहेब आत आले, कवळी रुमालात गुंडाळून, भांडायच्या तयारीनं. त्यांनी पाहिलं तर मी आणि चिरंजीव दोघं टेबलावर ओणवे, आणि पोर स्टुलावर पुतळा. काय झालं ते कळल्यावर त्यांनी कोट काढून खुर्चीला अडकवला, बाह्या सारल्या आणि तेही वाकले. (बिनदातांचा माणूस दात शोधतोय, हे दृश्य खिडकीतल्या जबड्याच्या साक्षीनं रस्त्यावरचे लोक बघत होते.) चिरंजीव म्हणाले, एकेक ट्रे उलटा करू. मी म्हटलं, थांब, हा माझा प्रांत आहे, मी नजरेनं सांगतो. आणि मी भिंग डोळ्याला लावलं.

आणि तो दिसला, अक्का. शोधावा लागलाच नाही. माझ्या त्या सगळ्या ओळीनं मांडलेल्या, घासलेल्या, चकचकीत दातांमध्ये तो एकटाच दिसला. बाकीचे पांढरे होते. तो पांढरा नव्हता, किंवा त्याला पांढरं म्हणायचं तर बाकीच्यांना दुसरं काहीतरी म्हणावं लागेल. जरासा निळसर, आतून उजेड असल्यासारखा, सायीसारखा. मी माझी रंगपट्टी काढली. (तीच, नमुन्याचे दात पंख्यासारखे लावलेली, जी गिऱ्हाइकाच्या ओठाशी धरून आपण म्हणतो, हा घ्या, अगदी नैसर्गिक.) एकेक नमुना त्याच्याशेजारी धरला. एकही जुळेना. सगळी पट्टी संपली. माझ्या पट्टीत तो रंगच नाही! जन्मभर मी ज्याला नैसर्गिक म्हणून विकलं, ते या एवढ्याशा कणासमोर पितळ होतं. मला लाज वाटायला हवी होती, पण तीसुद्धा वाटली नाही. मी नुसता बघत राहिलो.

मग उलटा केला. खाली मूळच नाही. मूळ असतं गं, दुधाच्या दातालाही असतं, चांगलं लांब. पण ते आतल्या आत विरघळून गेलं होतं, उरला होता नुसता पोकळ डबा. डॉक्टरांच्या तोंडून मी हे ऐकलं होतं, हातात कधी घेतलं नव्हतं. माझ्याकडे येणाऱ्यांचे दात जातात ते रक्त काढत, माणसाला रडवत जातात. आणि हा? जायची वेळ झाली तेव्हा यानं आपली मुळं आपणच सोडून दिली, का, तर पोरीला दुखू नये. एका शिंकेवर निघून गेला. कुणी सांगितलं त्याला? मेणात एक दात जरा डावीकडे सरकवायचा तर मला दिवा लागतो, सुरी लागते आणि चिरंजीवांशी भांडण लागतं.

दात मी पोरीच्या तळहातावर ठेवला, तिनं मूठ मिटली. रडतही नव्हती. मला वाटतं ती वाट बघत होती. मी तिला खुर्चीत बसवलं, दिवा जवळ घेतला, लहान आरसा तोंडात धरला आणि भिंग लावून आत वाकलो. म्हटलं, हिरडी बरी आहे ना बघावं.

अक्का, ती तिथे होती. हिरडीच्या फटीत एक बारीकशी पांढरी कड. नखाच्या टोकाएवढीसुद्धा नाही. आणि त्या कडेला तीन उंचवटे, इवले इवले, करवतीसारखे. त्या करवतीनं नवा दात खालून वर येत होता, कुणी बोलावलं नाही, कुणी माप घेतलं नाही, साचा नाही, मेण नाही. एवढी वर्षं मी तोंडं बघतो आहे, सगळं संपल्यावरची. हे मी कधी पाहिलं नव्हतं. आरसा तिच्या दातांवर किणकिणला. मी वाकलेलाच राहिलो, भिंग डोळ्यावरून काढवेना. चिरंजीवांना वाटलं काहीतरी वाईट दिसलं. त्यांनी भिंग घेतलं, वाकले, आणि तेही तिथेच खिळले. मग वकीलसाहेबांनी चष्मा पुसून पाहिलं, परत पुसून परत पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा एकही हरकत न घेता मागे सरकून उभे राहिले.

शेवटी आरसा फिरवून तिला दाखवला. तिनं बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, हा तुम्ही केला?

मी म्हटलं, नाही.

मग कुणी केला?

अक्का, या प्रश्नावर शंभर उत्तरं देता आली असती. मी म्हटलं, मला माहीत नाही गं बाळा. आणि त्या क्षणी तिनं विश्वास ठेवला. मी जे जे ठासून सांगितलं होतं त्यावर नाही, यावर. तिच्या आजोबांना दातातलं काहीतरी माहीत नाही, म्हणजे हे प्रकरण खरंच आजोबांच्या हातचं नाही! ती हसली. ती फट दाखवत, तोंड भरून, मोठ्यानं. मला रडू आलं. येऊ दिलं.

त्यानंतर अर्थातच वसुली सुरू झाली. सायकल बापाकडून तिथल्या तिथे जप्त. बाहुली आईकडून. शेजारच्या धाकट्यानं पेन्सिली परत द्यायला नकार दिला, तेव्हा वकीलसाहेबांनी बिनदातांनीच तिची बाजू मांडली आणि अर्ध्यावर तडजोड करून दिली. (टोकयंत्र गेलं ते गेलं.) दोरी मी स्वतः खिळ्यावरून काढून दिली. द्यायला जड गेलं, खोटं कशाला बोलू. आता ती अंगणात उड्या मारते आणि मधे मधे थांबून कुणालाही, दूधवाल्यालाही, तोंड उघडून आत बघायला लावते. काल ती कड आणखी वर आली. सगळं घर सकाळी उठून आधी तिचं तोंड बघतं.

बाकी सर्व ठीक. पत्राचं उत्तर सवडीनं दिलंस तरी चालेल.

तुझा धाकटा

ता. क. सवडीनं चालेल असं वर लिहिलंय ते खोडून वाच. लगेच उत्तर दे.

ता. क. दुसरं. सूनबाई म्हणते, तुझी निळी शाल तिनं एकदाही अंगावर घेतलेली नाही, घडी घालून ठेवलीय. चिरंजीवांनी तुझ्या घड्याळाला किल्ली दिलेली नाही. बाबांचा चष्मा मी तसाच ठेवलाय. मुकादमचा हुकूम आहे की ज्यांनी ज्यांनी वाटलंय त्यांनी येऊन आपापलं परत न्यायचं, पोस्टानं पाठवणार नाही.

ता. क. तिसरं. हे लिहू की नको असं झालंय. दात पडल्याच्या दुसऱ्या दिवशी पोर माझ्या मांडीवर बसली होती आणि तिनं विचारलं, आजोबा, अक्काआजीच्या तोंडात भिंग लावून बघितलं का हो कुणी? मी म्हटलं, नाही, तिनं तोंड उघडलंच नाही. तर म्हणाली, मग तिला कसं कळलं की येत नाहीयेत म्हणून? मी धंद्यातला माणूस. मला उत्तर ठाऊक आहे, तुलाही आहे, या वयात खालून काही येत नसतं. ते तिला सांगायला मी तोंड उघडलं आणि मला सांगता आलं नाही. म्हणून ये. तुला हव्या तेव्हा कवळ्या करू, नको असल्या तर नको, त्याचं मी नावही काढणार नाही. पण त्या खुर्चीत बस आणि या खेपेला तोंड उघड. आम्हा दोघांना आत बघायचंय.